डोलकाठीवरचं नाणं

बसा.

जसे आहात तसेच बसा. पाठ ताठ हवी असं काही नाही. पाय मात्र जमिनीला टेकलेले असू द्या. का ते पुढे कळेल.

डोळे मिटू नका. आज बघायचं आहे.

एक नाणं आहे. सोन्याचं. एका जहाजाच्या मधल्या डोलकाठीला ते खिळ्याने ठोकलेलं आहे.

सध्या एवढंच पुरे. कुठलं जहाज, कुणाचं, कुठल्या समुद्रात, काही विचारू नका.

सोनं. लाकूड. खिळा.

श्वास आत येतोय. बाहेर जातोय. जाऊ द्या.

आता थोडं पुढे या. इतकं पुढे की आपला श्वास त्या सोन्यावर धुरकट उमटेल आणि लगेच विरेल.

नाणं चांगलं मोठं आहे. दक्षिण अमेरिकेतलं, आठ एस्कुदोंचं. अशी नाणी २७ ग्रॅमच्या आसपास भरत. आजच्या तोळ्याने पावणेतीन तोळ्यांना थोडं कमी.

आजूबाजूचे लोखंडी खिळे गंजले आहेत. तांब्याच्या खिळ्यांवर हिरवा थर चढला आहे. खारा वारा कुणाला सोडत नाही.

सोन्याला काही झालेलं नाही.

बघत राहा.

कडेने अक्षरं गोल फिरली आहेत. बोट न लावता नजरेनेच वाचा. एक्वाडोर प्रजासत्ताक. कीटो. विषुववृत्तावरचा देश, आणि त्यातलं अँडीजच्या अंगाखांद्यावर, सुमारे २८५० मीटर उंचीवर वसलेलं शहर. जिथे पानगळ येत नाही, अशा हवेत हे सोनं ओतलं गेलं.

अक्षरांच्या आत तीन शिखरं आहेत.

पहिल्यावर ज्वाळा. तिच्यापाशी थोडं थांबा.

दुसऱ्यावर बुरूज. त्याच्यापाशी थांबा.

तिसऱ्यावर आरवणारा कोंबडा. मान वर, चोच उघडी. आवाज येत नाही, पण आरवतोय.

तिन्हींवर कमान धरलेलं राशीचक्र. पुरं नाही, एक तुकडा. कमानीच्या मधोमध सूर्य, तूळ राशीत शिरणारा.

झालं. नाण्यावर एवढंच आहे.

पुन्हा एकदा सावकाश बघा. ज्वाळा. बुरूज. कोंबडा. सूर्य.

मघाशी पावणेतीन तोळे वाचल्यावर मन सोन्याच्या आजच्या भावाकडे धावलं का? धावलं असेल तर हरकत नाही. त्याला रागावू नका. या जहाजावर फ्लास्क नावाचा एक अधिकारी आहे, तोही तेच करतो. त्याच्याकडे आपण येऊ.

आत्ता मनाला नुसतं परत बोलवा. ज्वाळा, बुरूज, कोंबडा, सूर्य.

आता जहाजाचं नाव घेऊ या. पेक्वॉड.

अमेरिकेच्या नँटुकेट बेटावरून सुटलेलं, देवमाशांच्या शिकारीचं जहाज. त्या काळी देवमाशाच्या तेलावर घराघरांतले दिवे जळतात आणि यंत्रांना वंगण मिळतं. अशा सफरीवर निघालेली माणसं तीन-तीन, चार-चार वर्षं घर बघत नाहीत.

हे जहाज कादंबरीतलं आहे. ‘मोबी-डिक’, १८५१. लेखक हर्मन मेल्व्हिल. तो स्वतः १८४१च्या जानेवारीत ‘अकुश्नेट’ नावाच्या अशाच जहाजावर खलाशी म्हणून चढला होता. तेव्हा तो एकवीस वर्षांचा. दीड वर्षाने पॅसिफिकमधल्या एका बेटावर तो जहाज सोडून पळाला.

तो पळाला ते बरंच झालं. पण ती गोष्ट वेगळी. आपण डोलकाठीजवळ राहू.

नाणं तिथे कसं आलं, ते बघा.

कप्तानाचं नाव अहाब. एक पाय गुडघ्याखाली नाही. एका पांढऱ्या देवमाशाने तो नेला. त्या जागी देवमाशाच्याच जबड्याच्या हाडाचा पाय आहे. डेकच्या फळीत त्या पायासाठी एक खळगा पाडला आहे, म्हणजे जहाज कितीही डोललं तरी अहाब ताठ उभा.

एका संध्याकाळी तो सगळ्या खलाशांना मागच्या डेकवर गोळा करतो. सुरकुतलेल्या कपाळाचा, वाकड्या जबड्याचा, शेपटीच्या उजव्या पंखात तीन भोकं असलेला पांढरा देवमासा जो पहिल्यांदा दाखवेल, त्याला हे सोनं.

मग तो हातोडा मागवतो.

हातोडा यायला वेळ लागतो. एवढ्या वेळात अहाब काय करतो, ते अगदी जवळून बघा.

तो बोलत नाही. नाणं कोटाच्या घेरावर हळूहळू घासतो. एकदा. पुन्हा. पुन्हा. सोनं जरा उजळावं म्हणून. ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणतो, त्यात शब्द नाहीत.

ते घासणं ऐकू येतंय का? जाड कापडावर धातू.

इथे थांबा.

वेड म्हटलं की आपल्याला आरडाओरडा आठवतो. विस्कटलेले केस, लाल डोळे. अहाबजवळ तेही आहे, पुढे दिसेलच. पण या क्षणी तो फार शांत आहे. त्याचं मन एका ठिकाणी आहे, आणि ते तिथून हलत नाही. अनेक साधक जे मागतात, ते त्याला मिळालेलं आहे.

याला काय म्हणायचं, ते आत्ता ठरवू नका. घासणाऱ्या अंगठ्याकडे बघत राहा.

हातोडा येतो. ठोके पडतात.

आणि मग माणसं.

आता आपण डोलकाठीपासून दोन पावलं मागे सरू. वाट मोकळी करून देऊ. बरेच दिवस गेले आहेत. पुस्तकाचं ९९वं प्रकरण आहे. नाण्यासमोर एकेक जण येणार आहे.

आधी अहाब. रोज होकायंत्रापासून डोलकाठीपर्यंत येरझारा घालणारा. आज सकाळी तो नाण्यासमोर थबकतो.

त्याला बुरूज दिसतो, तो अहाब. ज्वालामुखी दिसतो, तोही अहाब. न हरणारा कोंबडा, तोही अहाबच. तीन शिखरांवर चौथं कुणी नाही.

मग स्टारबक, पहिला अधिकारी, देवभीरू माणूस. साऱ्या जहाजावर अहाबला तोंडावर विरोध करणारा हा एकटाच. मुक्या जनावरावर सूड कसला, असं त्याने विचारलं होतं. त्याला शिखरं फारशी दिसत नाहीत. शिखरांमधली काळोखी दरी दिसते. वर सूर्य आहे याचा धीर वाटतो, पण मध्यरात्री काय, हा विचार मागोमाग येतो. तो तिथे फार वेळ उभा राहत नाही. आणखी बघितलं तर आपली श्रद्धा हलेल, असं त्याला वाटतं.

त्याला जाऊ द्या. डोळे वळवण्याचाही एक प्रामाणिकपणा असतो.

स्टब, दुसरा अधिकारी, पंचांग घेऊन येतो आणि राशीराशींतून माणसाचा जन्म ते मरण असा प्रवास वाचून काढतो. गमतीत. हसतो, आणि तेल कढवायच्या भट्टीआड जाऊन उभा राहतो. पुढचे कोण काय बघतात, ते बघायला.

आता फ्लास्क. तिसरा अधिकारी, बुटका, व्यवहारी. नाण्यावर काही खूण आहे हेच त्याला मंजूर नाही. गोल सोनं आहे, सोळा डॉलरचं. दोन सेंटला एक सिगार, म्हणजे इतक्या सिगार. हिशेब झाला, फ्लास्क निघाला.

मी फ्लास्कला कमी लेखत नाही. या रांगेत सोन्याला सोनं म्हणणारा तो एकटा आहे.

क्वीक्वेग येतो. दक्षिण समुद्रातल्या एका बेटाच्या राजाचा मुलगा, हारपून फेकणारा. अंगभर गोंदण.

त्याच्यापाशी जरा जास्त थांबू.

तो काही बोलत नाही. नाण्याकडे बघतो. मग आपल्या मांडीकडे. पुन्हा नाण्याकडे. सोन्यावरच्या खुणा आणि कातडीवरच्या खुणा यांचा काही मेळ बसतो का, ते ताडून बघतो.

त्याच्या अंगावरचं गोंदण त्याच्या बेटावरच्या एका ज्ञानी माणसाने काढलेलं आहे. आकाश आणि पृथ्वी यांचं सगळं रहस्य त्यात लिहिलंय म्हणतात. पण ते क्वीक्वेगला वाचता येत नाही.

स्वतःच्याच कातडीवर लिहिलेलं, जन्मभर सोबत वागवलेलं, आणि न वाचता येणारं.

एक श्वास घ्या. आपल्या उघड्या तळहाताकडे एकदा बघा. मग परत या.

फेदल्ला येतो. अहाबने चोरून आणलेला, गूढ, मेल्व्हिलच्या लेखी पारशी. मुंबई-पुण्याच्या वाचकाला इथे हसू येईल, कारण असं नाव कुठल्या पारशी घरात ऐकलेलं नाही. पण तो नाण्यावरच्या सूर्याला वाकून नमस्कार करतो आणि जातो. तेवढा नमस्कार खरा वाटतो.

शेवटी पिप.

पिप लहान पोरगा आहे, कृष्णवर्णीय, खंजिरी वाजवणारा. शिकारीच्या होडीतून तो घाबरून पाण्यात उडी टाकतो. पहिल्यांदा त्याला उचलून घेतात. दुसऱ्यांदा होडी त्याला मागे टाकून देवमाशाच्या पाठी निघून जाते. चहूकडे समुद्र, वर आभाळ, मध्ये एक डोकं. काही वेळाने जहाजच योगायोगाने तिथून जातं, म्हणून तो वाचतो. तेव्हापासून सगळे त्याला वेडा म्हणतात.

पिपला नाण्यावर काय दिसतं?

तो शिखरांबद्दल बोलत नाही. सूर्याबद्दल नाही. तो शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकातल्यासारखं ‘बघणं’ हे क्रियापद सगळ्या पुरुषांत, सगळ्या वचनांत चालवून दाखवतो. बस.

सगळे नाणं बघत होते. पिपने बघणारे बघितले.

इथे आपण बराच वेळ थांबू शकतो.

तुम्ही नाण्याकडे बघताय. आता त्या बघण्याकडेच जरा कान द्या. ते कसं आहे? त्यात घाई आहे का? काही हवंय का? नाण्याने तुम्हाला काही सांगावं, तुमचं काही खरं ठरवावं, अशी ओढ आहे का?

असली तर असू द्या. नुसतं कळू द्या.

ज्वाळा. बुरूज. कोंबडा. सूर्य.

पिप जाता जाता आणखी एक सांगतो. हे नाणं म्हणजे जहाजाची नाभी आहे, आणि ती उपटून काढायला सगळे उतावीळ झाले आहेत.

नाभी.

हा धागा धरून पुस्तकात जरा मागे जाऊ. बारा प्रकरणं मागे. जावा आणि सुमात्रा यांच्यामधली सुंदाची सामुद्रधुनी ओलांडली आहे. देवमाशांचा अफाट कळप पुढे पळतोय. हारपून लागलेला एक देवमासा होडीला ओढत ओढत त्या कळपाच्या पार मध्यावर नेतो.

बाहेर रक्त, फेस, आकांत.

मध्यभागी पाणी स्थिर आहे.

होडीतली माणसं वल्ही थांबवतात. लहान पिल्लं होडीजवळ येतात. क्वीक्वेग त्यांच्या कपाळावर थोपटतो. स्टारबक भाल्याच्या टोकाने त्यांची पाठ खाजवतो. तोच भाला.

मग कडेवरून खाली बघितलं जातं. तुम्हीही बघा. पाणी खोलवर नितळ आहे. खाली देवमाशांच्या आया तरंगताहेत, अंगाला लागलेली पिल्लं दूध पिताहेत. पिता पिता ती वर बघतात, माणसाच्या बाळासारखी, कुठेतरी पलीकडे. एक तर कालपरवाच जन्मलेलं. त्याचे पंख अजून चुरगळलेले आहेत, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या कानाच्या पाळीसारखे.

क्वीक्वेग दचकतो. त्याला पाण्यात दोर दिसतो. कुणीतरी याला हारपून मारला!

दोर नाही. नाळ आहे.

बघत राहा. नाळ पाण्यात वेटोळी होऊन सैल तरंगतेय. कधी कधी अशी नाळ शिकारीच्या दोरातही अडकते, आणि मग पिल्लू सापडतं.

हे सगळं सांगणारा इश्माएल म्हणून एक खलाशी आहे. त्याच होडीत बसलेला. साऱ्या पुस्तकाचा निवेदक तोच.

अहाबला देवमासा हवा आहे. इश्माएलला तो बघायचा आहे.

इश्माएलचं बघणंही काही साधंसुधं नाही. ते १३५ प्रकरणं चालतं. पांढऱ्या रंगावर एक प्रकरण. हारपूनच्या दोरावर एक. कातडीवर, फवाऱ्यावर, शेपटीवर एकेक. डोक्याच्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. एके ठिकाणी देवमाशाच्या सांगाड्याची मापं देताना तो सांगतो की ही मापं माझ्या उजव्या दंडावर गोंदवलेली आहेत, आणि सुटे इंच तेवढे गाळलेत, कारण उरलेलं अंग एका कवितेसाठी कोरं ठेवायचं होतं.

माझ्या मते कादंबरीतला सगळ्यांत मोकळा विनोद हाच. वाचक इथे पुस्तक मिटून टाकतात किंवा कायमचे त्याचे होतात.

आणि असं सगळं बघत असतानाच शेपटीच्या प्रकरणाशेवटी तो कबूल करतो, की मी कितीही चिरून बघितलं तरी कातडीच्या आत गेलो नाही. देवमासा मला कळला नाही. कळणारही नाही.

अहाब अशी कबुली देऊ शकत नाही. डोळ्यांना दिसतं ते सगळं मुखवटा आहे, तो फोडून पलीकडे गेलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

एकाच देवमाशाभोवती हे दोन जण आहेत. दोघांचीही नजर हटत नाही. एकाच पुस्तकात दोघं शेवटपर्यंत श्वास घेतात, आणि अहाबचं वेड आपल्याला मिळतं ते इश्माएलच्या हातून. म्हणून त्या वेडाची धग लागते आणि आपण जळत मात्र नाही. हे पुस्तक टिकलं ते बहुधा याच ठिकाणी.

आता पायांकडे लक्ष द्या. जमिनीला टेकलेले आहेत ना?

इश्माएलचीही पाळी डोलकाठीच्या टोकावर टेहळणी करायची येते. खाली निळं पाणी, संथ डोलणारं जहाज. बघता बघता आपण कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो, तेच कळेनासं होतं. फार गोड असतं ते. आणि तिथेच तो सावध करतो. त्या तंद्रीत पाय एखाद्या बोटभर सरकला तर माणूस सरळ समुद्रात. जहाजमालकांना तर त्याचा सल्लाच आहे, की असली विचारात बुडणारी पोरं टेहळणीला घेऊ नका.

म्हणून पाय टेकलेले. तळव्यांना जमीन लागू द्या. गार असेल, कोमट असेल. नुसती लागू द्या.

आता एका माणसाकडे बघू या, जो जहाजावर नाही.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पिट्सफील्ड नावाचं गाव आहे. तिथे ॲरोहेड नावाच्या शेतघरात, वरच्या मजल्यावर, खिडकीशी मेल्व्हिल लिहीत बसला आहे. बाहेर ग्रेलॉक डोंगर. समुद्र कुठेही नाही. शेजारच्या गावात नॅथॅनिएल हॉथॉर्न राहतो. पुस्तक त्यालाच अर्पण होणार आहे.

टेबलावर दुसऱ्यांच्या पुस्तकांचा ढीग. नँटुकेटच्या ‘एसेक्स’ जहाजाची हकिकत त्याला ठाऊक आहे. १८२०च्या नोव्हेंबरात एका स्पर्म व्हेलने धडक देऊन ते जहाज भर पॅसिफिकमध्ये बुडवलं होतं.

लिहिता लिहिता तो ५५व्या प्रकरणाशी येतो. देवमाशाची चुकीची चित्रं कुठे कुठे आहेत, त्याची यादी. आणि तिथे तो आपल्या घारापुरीचं नाव घेतो.

एलिफंटाच्या लेण्यात, तो म्हणतो, देवमाशाचं सगळ्यांत जुनं चित्र आहे. विष्णूचा मत्स्यावतार. अर्धा माणूस, अर्धा देवमासा, पण शेपूट काही बरोबर जमलेली नाही.

गेटवेवरून लाँच पकडून तुम्ही गेला असाल. पायऱ्या चढून, ऊन मागे टाकून, खांबांच्या गार अंधारात. समोर तीन मुखांचा महेश. बाजूला अर्धनारीश्वर, गंगाधर, कैलास हलवणारा रावण. लेणं शिवाचं आहे. मत्स्यावताराचा स्वतंत्र पट तिथे नाही.

मेल्व्हिल भारतात कधी आला नाही. हजारो मैलांवरून, कुणाच्या तरी पुस्तकातून, त्याने घारापुरीच्या भिंतीवर बघितलं, आणि तिथे त्याला त्याचा देवमासा दिसला.

तोही त्या रांगेत उभा होता.

मला या चुकीचा राग येत नाही. अंधारात डोळे ताणून बघणाऱ्या त्या माणसाबद्दल उलट माया वाटते.

थोडा वेळ त्या खांबांमध्येच उभे राहा. दगडाचा गारवा. वटवाघळांचा वास. डोळे अंधाराला सरावतात, आणि आकार हळूहळू पुढे येतात. पहिल्यांदा काय दिसतं?

पुढची हकिकत भराभर सांगतो, कारण ती भराभर सांगण्याजोगीच आहे. १८५१च्या ऑक्टोबरात लंडनला तीन खंडांत पुस्तक निघालं, नोव्हेंबरात न्यूयॉर्कला. लंडनच्या आवृत्तीत उपसंहारच नव्हता, म्हणून टीकाकारांनी विचारलं, सगळे बुडाले तर गोष्ट सांगतोय कोण? १८५३मध्ये प्रकाशकाच्या इमारतीला आग लागली, शिल्लक प्रती जळाल्या. मेल्व्हिलच्या हयातीत अमेरिकेत जेमतेम तीन हजारांवर प्रती खपल्या. १८६६ ते १८८५, सलग १९ वर्षं, तो न्यूयॉर्कच्या बंदरात कस्टम्सचा निरीक्षक होता. १८९१ला गेला.

पुस्तक मात्र ठोकलेलं राहिलं. गंजलेल्या खिळ्यांमध्ये.

१९१९च्या जन्मशताब्दीपासून लोक पुन्हा त्याच्यासमोर येऊन उभे राहू लागले. १९२१ला रेमंड वीव्हरने मेल्व्हिलचं चरित्र लिहिलं. दोन वर्षांनी डी. एच. लॉरेन्सला या पांढऱ्या देवमाशात गोऱ्या वंशाचं आपल्याच रक्ताशी चाललेलं वैर दिसलं. १९५२ला त्रिनिदादचे सी. एल. आर. जेम्स न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर स्थानबद्ध होते. अमेरिका त्यांना देशाबाहेर घालवू पाहत होती. तिथे बसून त्यांनी या कादंबरीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांना अहाबमध्ये त्यांच्या काळातले हुकूमशहा दिसले. पण त्यांची नजर जास्त करून वळली ती खलाशांकडे, देशोदेशींच्या त्या कष्टकरी माणसांकडे, ज्यांच्याकडे तोवर फारसं कुणी बघितलं नव्हतं.

एकेकाने आपापलं नाणं बघितलं. जेम्सनी बघितलेलं मला फार मोलाचं वाटतं, कारण बेटावर अडकलेल्या माणसाला जहाजावर अडकलेली माणसं दिसली.

पुन्हा डोलकाठीशी या.

रात्र आहे. पहाऱ्यावर एकदोघंच. बाकीचे खाली झोपलेत. लाकूड कुरकुरतंय. शीड मधूनच फडफडतं आणि गप्प होतं.

नाणं तिथेच आहे. हात पोचेल इतक्या उंचीवर.

जहाजावर एकाहून एक दांडगे लोक आहेत. काळोख्या रात्री आहेत, एखाद्याला पुरेशा. तरी कुणी नाणं काढत नाही. ते पांढऱ्या देवमाशाचं आहे, असं सगळ्यांनी मनाशी धरलंय. सकाळी उठावं तर संध्याकाळी होतं तिथेच.

या रात्रीत बसून राहा.

काही करायचं नाही. नाणं मिळवायचं नाही. त्याचा अर्थ लावायचा नाही. अर्थ आलाच तर येऊ द्या, आणि गेला तर जाऊ द्या.

श्वास आत. लाकूड कुरकुरतं. श्वास बाहेर.

चंद्राच्या उजेडात सोनं पिवळं दिसत नाही. राखाडी दिसतं. कोंबडा आहे, बुरूज आहे, पण कुठला कुठला हे सांगता येत नाही.

ठीक आहे.

पाठलागाचा पहिला दिवस उजाडतो, तेव्हा देवमासा पहिल्यांदा दिसतो तो अहाबलाच. टाश्टेगो नावाचा खलाशी म्हणतो, मलाही त्याच क्षणी दिसला. अहाब ऐकत नाही. नाणं आपलंच होतं, आपल्यासाठीच राखलेलं होतं, असं त्याचं म्हणणं.

आणि तरी तो नाणं काढून घेत नाही. देवमासा मरेपर्यंत ते डोलकाठीवरच राहू दे, म्हणतो. ज्या दिवशी तो मरेल, त्या दिवशी जो त्याला पहिल्यांदा दाखवेल, त्याचं नाणं.

तिसऱ्या दिवशी जहाज बुडतं. डोलकाठीसकट.

सोळा डॉलर कुणालाच मिळत नाहीत. पिपने ते आधीच सांगून ठेवलं होतं. पुढे कधीतरी ही डोलकाठी कुणाच्या तरी हाती लागेल, नाणं तिच्यात तसंच असेल, आणि सालीच्या जागी शिंपले वाढलेले असतील.

आता हळूहळू हातपाय हलवा. मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. हवं असेल तर पाणी प्या.

पुस्तक जवळ असेल तर ९९वं प्रकरण काढा. मोठं नाही. जमलं तर मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक माणूस नाण्यासमोर येतो तिथे जरा दम घ्या.

फ्लास्कपाशी आलात की पेन्सिल हातात घ्या. सोळा डॉलर, आणि दोन सेंटला एक सिगार. तो म्हणतो, नऊशे साठ सिगार. स्वतः एकदा भागाकार करून बघा.

चूक फ्लास्कची की मेल्व्हिलची, पुस्तक सांगत नाही.